व्हेलसाठी गणित सोडायचं?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. समुद्रातल्या यंत्रांच्या आवाजाचा व्हेल-डॉल्फिनवर काय परिणाम होतो, यावर दहावीत तिने प्रोजेक्ट केला. तेल शोधणाऱ्या जहाजांच्या एअरगनचा (पाण्यात दाबाने हवा सोडणाऱ्या यंत्राचा) आवाज २५० डेसिबल आणि जेट विमानाचा १४०, हे तिला तोंडपाठ आहे. आता त्यातच करिअर करायचं म्हणते, आणि बायोलॉजी पुरे म्हणून गणित सोडायला निघाली आहे. तिचे बाबा म्हणतात, नागपुरात समुद्र कुठाय? – एक आई, मानेवाडा

उत्तर: ताई, गणित सोडू देऊ नका. बाबांचं नंतर बघू.

तिचे ते दोन आकडे थेट शेजारी ठेवताच येत नाहीत. हवेतले डेसिबल २० मायक्रोपास्कल (दाबाचं एकक) या पायाच्या तुलनेत मोजतात, पाण्यातले १ मायक्रोपास्कलच्या. तिथेच २६ चा फरक पडतो. पाण्याची घनता आणि ध्वनीचा वेग धरला तर तो सुमारे ६२ वर जातो. एअरगन तरीही भयंकरच आहे, पण हे २६ आले कुठून ते लॉगॅरिदमशिवाय कळत नाही.

मे महिन्यात कूलरपुढे आपण सगळे ओरडून बोलतो ना? जहाजांचा आवाज वाढला की ओर्काही (किलर व्हेल) हाक मोठी करतात. हा समुद्रातला कूलर एकदा अचानक मंदावला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजं कमी झाली, आवाज ६ डेसिबलने उतरला, आणि राइट व्हेल या जातीच्या व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही घटलेली आढळली. विष्ठा तपासणारे वेगळे, आवाज मोजणारे वेगळे. दोघांच्या नोंदी जुळल्या म्हणून हे कळलं. यातल्या आवाज मोजण्याच्या बाजूला माणसं कमी पडतात, असं माझं मत. समुद्रात पवनचक्कीचे खांब ठोकताना भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडतात, तेही इंजिनिअरांचंच काम.

आता बाबा. समुद्र दिल्लीतही नाही, पण तिथल्या आयआयटीत पाण्याखालच्या ध्वनीवर संशोधन चालतं. गंगेतला डॉल्फिन जवळजवळ आंधळा, प्रतिध्वनीवर जगतो, आणि त्याच्या नदीतूनही मालवाहू बोटी जातात. बीएस्सी नागपुरातच होईल, फिजिक्स घेऊन. पुढे कोचीचं कुसॅट (कोचीन विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) किंवा गोवा विद्यापीठ. मग समुद्र संशोधन करणारी गोव्याची एनआयओ, समुद्र तंत्रज्ञानाची चेन्नईची एनआयओटी. पर्यावरणाचं काम जवळून बघायला आपली नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) नागपुरातच आहे.

पैशाचं स्पष्ट सांगते. कायम नोकऱ्या मोजक्या, सुरुवातीची वर्षं प्रोजेक्टवर जातात. बाबांना हे आत्ताच सांगून ठेवा, नंतर भांडण नको.

तिला पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित आणि बायोलॉजी दोन्ही, ठेवायला सांगा. जड जाईल, पहिल्या चाचणीत मार्कही कमी पडतील. विषय बदलायचा अर्ज भरला असेल, तर उद्याच कॉलेजात जाऊन मागे घ्या.