वाचक विचारतात: समतेचा अभ्यास पीजीला करायचा म्हणजे नक्की काय?

मागच्या अंकात समता आणि सामाजिक न्याय या विषयातल्या मास्टर्सबद्दल दोनच ओळी लिहिल्या होत्या, त्यावर भरपूर मेल आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून चार प्रश्न निवडलेत.

प्रश्न: ताई, मी कॉमर्सवाला, सध्या बँकेत आहे. आजूबाजूचा अन्याय बघून डोकं सटकतं म्हणून हा कोर्स करावासा वाटतो. पण थिअरी झेपेल का?

झेपेल हो. पण डोकं सटकतं म्हणून आलेली मंडळी पहिल्या सेमिस्टरला जाम वैतागतात हेही सांगून ठेवते, कारण तिथे गेल्या गेल्या विचारतात की समानता हवी ते ठीक, पण कशाची? उत्पन्नाची, संधीची, की अजून कशाची? अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये स्टॅनफर्डला याच प्रश्नावर व्याख्यान दिलं होतं. समजा दोन माणसांना अगदी सारखे पैसे दिले आणि त्यातला एक व्हीलचेअर वापरतो, तर त्याचे बरेचसे पैसे नुसतं घराबाहेर पडण्यातच जाणार, म्हणजे हिशेबात दोघं समान आणि जगण्यात मात्र नाहीत. बँकेतल्या माणसाला हे पटकन कळेल.

त्याच्या आधी १९७१ मध्ये अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी म्हटलं की आपण समाजात कोण म्हणून जन्माला येणार हे माहीतच नाही असं धरा आणि मग नियम ठरवा, म्हणजे सगळ्यात खाली असलेल्याचाही विचार होईल. त्यावर १९७४ मध्ये दुसरे अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक म्हणाले की एखाद्याने संपत्ती रीतसर मिळवली असेल तर समानतेच्या नावाखाली ती काढून दुसऱ्याला द्यायचा सरकारला काय हक्क? नोझिक वाचताना तुमची चिडचिड होणार, तरी नीट वाचा, टाळू नका. समोरच्याचा सगळ्यात तगडा मुद्दा आपल्याला मांडता येत नसेल तर आपलंही म्हणणं कच्चंच राहतं. आणि वाचनाच्या यादीत सगळे पाश्चात्त्यच दिसले तर बिनधास्त विचारा की आंबेडकर कुठे आहेत. राजकारणात एक माणूस एक मत आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती त्यांनी संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मांडली, ती कुठल्याही देशातल्या वर्गात शिकवण्यासारखी आहे.

थोडे स्टॅट्सही लागतात. जिनी गुणांक म्हणजे विषमता मोजायचा आकडा, ० म्हणजे सगळ्यांना सारखं, १ म्हणजे सगळं एकाच्याच खिशात, इतकं सोपं, पण दोन देशांचा आकडा सेम असून एकात दरी तळाशी असू शकते आणि दुसऱ्यात वरच्या टोकाला. हे वर्गात पहिल्यांदा तुमच्याच लक्षात येईल बघा.

प्रश्न: नियम सगळ्यांना एकच असेल तर भेदभाव कसा काय? सिलॅबसमध्ये 'अप्रत्यक्ष भेदभाव' असं आहे आणि मला ते मुळात पटतच नाहीये.

पटत नाही म्हणालात ते आवडलं. आता एक केस बघा. अमेरिकेत ड्यूक पॉवर नावाच्या वीज कंपनीच्या एका केंद्रात कृष्णवर्णीय कामगार फक्त मजुरांच्या विभागात असायचे आणि तिथला सगळ्यात जास्त पगार हा बाकीच्या विभागांतल्या सगळ्यात कमी पगारापेक्षाही कमी होता. पुढे भेदभावाला बंदी घालणारा कायदा आला, मग उघड बंदी गेली आणि अट आली, हायस्कूल पास पाहिजे, चाचण्या पास पाहिजेत. अट सगळ्यांना सारखी! पण आधीपासून त्या चांगल्या जागांवर हायस्कूल पास नसलेले गोरे कामगार होते आणि त्यांचं काम व्यवस्थित चाललं होतं, म्हणजे त्या कामाला ती अट लागतच नव्हती, आणि ज्यांना पिढ्यानपिढ्या निकृष्ट शाळा मिळाल्या तेच नेमके त्या अटीत अडकत होते. १९७१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की हेतू चांगला असून भागत नाही, परिणाम बघा, आणि अटीचा कामाशी संबंध आहे हे कंपनीने दाखवावं.

आता याच्या पुढची गंमत (गंमत कसली म्हणा). १९७६ ची केस, जनरल मोटर्स या अमेरिकन गाड्यांच्या कंपनीवर पाच कृष्णवर्णीय बायकांनी दावा लावला. कंपनीने अशा बायकांना घ्यायलाच उशिरा सुरुवात केली होती, मग मंदी आली, शेवटी आलेले आधी बाहेर या नियमाने कपात झाली आणि १९७० नंतर घेतलेल्या त्या सगळ्या गेल्या. कोर्ट म्हणालं, वंशाचा दावा करा नाहीतर बाई म्हणून करा, दोन्ही मिसळून नवीन गट तयार करता येणार नाही. कंपनी म्हणे आम्ही बायका घेतो, पण त्या गोऱ्या. कृष्णवर्णीय पण घेतो, पण ते पुरुष. अमेरिकन कायदेतज्ज्ञ किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ही केस घेऊनच इंटरसेक्शनॅलिटीची मांडणी केली, म्हणजे वंश आणि लिंग असे भेदभाव एकाच माणसावर एकत्र येतात तेव्हा ते वेगवेगळे करून बघता येत नाहीत. आजकाल हा शब्द कोणीही कुठेही टाकतं, तुम्ही असाइनमेंटमध्ये टाकणार असाल तर आधी या पाच जणींचं काय झालं ते एकदा समजून घ्या.

प्रश्न: डेझर्टेशनला 'लिंगभाव आणि उच्च शिक्षण' हा विषय घेतलाय, गाइड म्हणतात फार मोठा आहे. मला माझ्या ओळखीतल्याच बायकांच्या मुलाखती घ्यायच्यात, चालेल ना?

गाइड बरोबर आहेत, यात दहा डेझर्टेशन मावतील. एखादा कागद पकडा. उदाहरणार्थ स्कॉलरशिपचा फॉर्म, त्यात 'शिक्षणात खंड का पडला' असा रकाना असतो. खंड कोणाच्या आयुष्यात जास्त पडतो, तो रकाना कोण कसा भरतं, काय लपवतं, निवड समिती ते वाचून काय मार्क देते. एवढ्यावर आठ-दहा मुलाखती आणि समितीचे नियम, बस.

ओळखीच्यांबद्दल म्हणाल तर चालतं, पण जपून. नैतिक मंजुरीला, म्हणजे माणसांवर संशोधन करण्याआधी लागणाऱ्या परवानगीला, वेळ लागतो, त्याआधी एकही मुलाखत घेऊ नका, आणि मुलाखत देणारी व्यक्ती मधेच नको म्हणाली तर तिचं बोलणं काढून टाकायचं हे आधीच ठरवून तिला तसं सांगा. मैत्रीण असली की ती तुम्हाला नाही म्हणायला लाजते, हा सगळ्यात मोठा घोळ. शिवाय नाव बदललं की झालं असं समजू नका, विभागात दोन लहान मुलं सांभाळून पीएचडी करणारी एकच बाई असेल तर पहिल्या पानावरच सगळे ओळखतील.

प्रश्न: नोकरी मिळते का? खरं सांगा.

नुसत्या डिग्रीवर पटकन नाही. संस्था, विद्यापीठं, कंपन्यांमधले समावेशनाचे (सगळ्या गटांतल्या लोकांना सामावून घेण्याचं काम बघणारे) विभाग, धोरण संशोधन अशा जागा असतात, पण तिथे मुलाखतीत मूल्यांबद्दल कमी आणि डेटा वाचता येतो का, तक्रार कशी हाताळाल, दोन पानी रिपोर्ट लिहिता येतो का हे जास्त विचारतात. कंपन्यांमधली अशी पदं कॉस्ट कटिंगमध्ये लवकर जातात हेही ध्यानात ठेवा. हातातली नोकरी न सोडता पार्टटाइम करता येत असेल तर मी तरी तेच सुचवेन.