कॅमेरा कधीच खोटं बोलत नाही, हे खरं आहे का?

बोलतो ना, तेही एडिटिंग न करता. मागे रात्री नागपूरला बर्डीच्या बाजारात ट्रायपॉड लावून ३० सेकंदांचं एक्सपोजर दिलं (म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्यात प्रकाश येऊ दिला), तर चालणारी सगळी गर्दी गायब, गाड्यांच्या नुसत्या लाल रेघा, अन् भिंतीला टेकून मोबाईल बघणारा एकच माणूस तेवढा बऱ्यापैकी स्पष्ट आला. १८३८ मध्ये डागेर या फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच संशोधकानं पॅरिसच्या एका रस्त्याचा फोटो काढला तेव्हा हेच झालं, एक्सपोजर काही मिनिटांचं, त्यामुळे घोडागाड्या, माणसं काहीच नीट उमटलं नाही, बूट पॉलिश करून घेणारा एक जण मात्र दिसतो कारण तो जागचा हलला नाही (पॉलिशवाला बिचारा पुसटच). रस्ता रिकामा नव्हताच मुळी. उलट फ्लॅश मारून बघा, त्याचा प्रकाश क्षणभरच पडतो, म्हणून डोळ्याला नुसती रेघ वाटणारा पावसाचा थेंब हवेत लटकलेला सापडतो.