सोशल कॅपिटलचा कॅफेच्या धंद्यात खरंच उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की कॉफी चांगली, जागा चांगली, मशीन भारीतलं, मग हे सोशल कॅपिटल वगैरे, म्हणजे माणसांच्या ओळखी आणि विश्वासाची पुंजी, कशाला हवं. मी सहा वर्षं काउंटरमागे काढलीत, त्यावरून सांगतो. उपयोग होतो, भरपूर होतो, फक्त ते कॅपिटल मालकाचं असतं ह्या भ्रमात राहू नका.

आमच्याकडे एक बाई रोज साडेआठला यायच्या. त्या दार ढकलेपर्यंत त्यांचा कप मशीनखाली गेलेला असायचा, फोम कमी, साखर नाही, काही सांगावंच लागायचं नाही. हे कुठल्या कम्प्युटरमध्ये नव्हतं, माझ्यासोबतच्या पोराच्या डोक्यात होतं. त्यांना हिशोब बघणारं कोणीतरी हवं होतं, तर ह्याच पोराने कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या एकाशी गाठ घालून दिली. नुसत्या तोंडओळखीतून अशी कामं होतात आणि मग माणूस कॉफीसाठी येतो की त्या ओळखींसाठी, त्यालाही सांगता येत नाही.

पुढे पगारावरून वाजलं, पोरगा जवळच्याच दुसऱ्या कॅफेत लागला आणि महिन्याभरात सकाळचे निम्मे नेहमीचे चेहरे तिकडे! मालक म्हणे बीन्सचा प्रॉब्लेम असेल. बीन्स तेच होते हो.

हे आजचं नाही. लंडनमध्ये १७ व्या शतकाच्या शेवटी एडवर्ड लॉइडच्या कॉफी हाऊसमध्ये जहाजांचे कप्तान, व्यापारी बसायचे, जहाजांच्या बातम्या तिथे पहिल्या कळायच्या म्हणून विम्याचे सौदेही तिथेच व्हायचे. नंतर तिथे जुगारासारखे व्यवहार वाढले, तेव्हा वैतागलेल्या विमावाल्यांनी १७६९ मध्ये तिथल्याच थॉमस फील्डिंग नावाच्या वेटरला हाताशी धरून न्यू लॉइड्स काढलं. आजचा लॉइड्सचा विमा बाजार ह्या नव्या दुकानातून आलाय, जुन्यातून नाही.

म्हणून लॉयल्टी कार्ड छापायच्या आधी सकाळच्या शिफ्टचा माणूस टिकवा, त्याला सारखं इकडेतिकडे फिरवू नका, पैसे नीट द्या.

आणि एक, ओळखी फार घट्ट झाल्या तरी पंचाईत. आमचं खिडकीजवळचं मोठं टेबल एका ग्रुपने जवळजवळ नावावरच करून घेतलं होतं, नवीन कोणी बसलं की सगळे वळून बघायचे. शेवटी ते टेबल उचललं, दोन छोटी टाकली. ग्रुप आठवडाभर रुसला, मग आला.