आधी आजीचं नाव, मग आजोबांची लढाई

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. आजोबांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करायचंय, १९७१ ची लढाई लिहून काढायचीय, सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. मी पलटणीत हवालदार क्लार्क. रायफलीपेक्षा कागद जास्त हाताळले. तेव्हा उत्तर जरा रुक्ष वाटेल: आधी ती काळी ट्रंक उघड आणि आजीचं नाव बघ.

डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळतं ते नोंदपुस्तक) आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीचा आदेश) तिचं नाव काय आहे, जन्मतारीख काय पडलीय, ते आधारकार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून घे. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायचे. जवान सुट्टीवर यायचा, बोहल्यावर चढायचा, परत जायचा. कंपनी क्लार्कनं बायकोचं नाव विचारलं की पुष्कळांच्या तोंडी माहेरचंच यायचं, आणि तेच 'पार्ट टू ऑर्डर'ला, म्हणजे पलटणीच्या अधिकृत नोंदीत लागायचं. इकडे रेशनकार्डापासून मतदारयादीपर्यंत सासरचं. म्हातारा आहे तोवर कुणाचं काही अडत नाही, पेन्शन त्याच्या नावावर येते. तो गेला की बाईला सिद्ध करावं लागतं की ही ती आणि ती ही एकच. आमच्या आळीतल्या एका नाईकाच्या बायकोला एका खिडकीवर विचारलं, "तुम्ही त्यांच्या नक्की कोण?" ती म्हणाली, "बावन्न वर्षं भाकरी थापली, ती मी." कागदाला ते पुरलं नाही. अकरा महिने गेले.

तुझे आजोबा आज सही करू शकतात, हीच मोठी गोष्ट आहे. त्यांचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती असं सगळं घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, कागद तिथे पोचला पाहिजे. पोच पावती जपून ठेव. 'स्पर्श'वरचा, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन सेवेवरचा हयातीचा दाखला दरवर्षी तूच भर. त्यांच्या बोटांचे ठसे आता उठत नसतील, तर चेहऱ्यानंही होतं. आणि त्यांची स्वतःची जन्मतारीखही बघून घे. पुष्कळांची भरतीच्या वेळी अंदाजानं लिहिलेली असते, आणि ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०. आमच्यातले बरेच जण हे न मागताच गेले.

आता लढाई. आजोबा जंगी पलटणीचे, म्हणजे पहिली मराठा. १९७१ च्या डिसेंबरात त्यांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला ढाक्याचा रस्ता अडवला. शरण या, अशी चिठ्ठी आपल्या ब्रिगेडियरनं एका मुक्तियोद्ध्याच्या (बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याच्या) हाती जमालपूरच्या पाकिस्तानी ठाण्यात धाडली. तिकडच्या कर्नल सुलतान महमूदनं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री त्याचे लोक वेढा फोडायला मराठ्यांच्या मोर्च्यांवर चालून आले. ११ ला सकाळी जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाइलला २ पॅरा ही आपली छत्रीधारी पलटण विमानांतून उतरली आणि पुढे पुंगलीच्या पुलावर ह्यांची त्यांची गाठ पडली. १६ ला ढाका.

एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. हे त्यांच्याकडून वदवून घेण्यात वेळ घालवू नकोस. आणि "किती मारले?" हे तर चुकूनही विचारू नकोस. एकदा शाळेच्या कार्यक्रमात एका पोरानं विचारलं होतं, मी शेजारीच बसलो होतो. आजोबा हसले, उठले, आणि मंडपाच्या मागे जाऊन नळाखाली हात धूत राहिले. बराच वेळ.

लहान विचार. नदी ओलांडताना अंगावर काय होतं? त्या रात्री पोटात काय होतं? शेजारच्या मोर्च्यात कुठल्या गावचा गडी होता? गावाचं नाव आलं की माणूस येतो मागोमाग. पदक हातात दे. 'पूर्वी स्टार'वर (१९७१ च्या पूर्व आघाडीचं पदक) नंबर आणि नाव कोरलेलं असतं, तुझं भिंग घेऊन त्यांनाच वाचायला सांग. ते थांबले तर तूही थांब. मोबाइल चालू राहू दे, पण त्याकडे बघू नकोस. उजव्या बाजूला बस, डावा कान गोळीबारानं गेलाय. ऐकू न येणं आणि ऐकायचं नसणं यातला फरक आजी सांगेल.

आणि आजीसमोरही तोच मोबाइल ठेव. त्या काळी पाकिटावर गावाचं नाव नसायचं, नुसतं 'द्वारा ९९ एपीओ', म्हणजे लष्करी टपालघराचा नंबर. नवरा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मनीऑर्डर आली की जिवंत आहे, एवढाच हिशेब. तारवाला गल्लीत शिरला की बायका दारं लावून घ्यायच्या, असं माझी आई सांगायची. तुझ्या आजीनं त्या डिसेंबरात काय केलं, हे आजोबांनी तरी कधी विचारलंय का, कुणास ठाऊक. विचारू नये असं नव्हतं, पण सुट्टी दोन महिन्यांची आणि शेताची कामं शंभर.

तिला ताटातल्या तांदळाआधीचं नाव विचार. अर्जासाठी लागणारच आहे. पण ती सांगेल तेव्हा लगेच लिहून घेऊ नकोस. त्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, एकदा तू मारून बघ.

मी शनिवारी घरीच असतो. येताना डिस्चार्ज बुक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आण, पानं सुटी झाली असतील.

तुझा,
हवालदार काका