यो-योवर सही घेतली तर किंमत वाढते का?

प्रश्न : मुलगा यो-योच्या स्पर्धांना जातो. त्याच्याकडे साडेतीन हजारांचा ॲल्युमिनियमचा यो-यो आहे. पुढच्या स्पर्धेला एक परदेशी विजेता येणार आहे. त्याची सही घेतली तर यो-यो पुढेमागे जास्त पैशांना जाईल का? सही कोणत्या पेनाने घ्यावी? (राजारामपुरी)

उत्तर : बहुतेक वेळा नाही, उलट थोडे कमीच येतील. वापरलेला यो-यो विकत घेणारा सहसा स्वतः खेळणारा असतो. फेकल्यावर थरथरतो का, कडेला ठोके पडलेत का, बेअरिंग मोकळं फिरतं का, एवढंच तो बघतो. सही त्याला नको असते, कारण खेळताना ती तळहाताच्या घामाने पुसट होते आणि मग यो-यो नुसता मळका दिसतो. संग्राहक मूळ खोका, मूळ रंग आणि न वापरलेला नग शोधतो. सहीचे जादा पैसे तो देतो, पण सही करणाऱ्याचं त्या वस्तूशी नातं असेल तरच. शिंजी साइतो हे लूपिंगच्या, म्हणजे दोन हातांत दोन यो-यो फिरवण्याच्या प्रकारात अनेकदा जगज्जेते झाले. त्यांची सही लूपिंगच्या यो-योवर शोभते. त्याच यो-योवर एखाद्या नटाची सही असेल तर नटाचे चाहते फोटो मागतील, यो-यो नाही.

नातं आणि पुरावा दोन्ही असले की काय होतं, याचं ठळक उदाहरण निक्सन यांचं. १६ मार्च १९७४ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री संगीताच्या कार्यक्रमाच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी गायक रॉय ॲकफ यांच्यासोबत मंचावरच यो-यो फिरवून पाहिला. त्यांची सही असलेला ॲकफ यांचा यो-यो पुढे लिलावात सोळा हजार डॉलरच्या वर गेला. प्रसंग हजारो लोकांसमोर घडलेला, छायाचित्रांत टिपलेला. किंमत आली ती या सगळ्याला.

म्हणून मुलाच्या खेळातल्या यो-योवर सही घेऊच नका. त्या खेळाडूच्या नावाचं मॉडेल मिळत असेल तर त्याचा दुसरा नग घ्या, नाहीतर बाजूची टोपी निघते असा प्लास्टिकचा स्वस्त यो-यो घ्या आणि टोपीवर सही घ्या. सही बाहेरच्या सपाट भागावर, मधोमध. कडेवर नको, आणि दोरी घासते त्या आतल्या उतारावर तर नकोच.

आदल्या दिवशी तो भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून ठेवा. बोटांचा तेलकटपणा राहिला की शाई थेंबाथेंबाने आकसते. गडद ॲनोडाइझ केलेल्या, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने रंगीत थर चढवलेल्या धातूवर चंदेरी किंवा पांढरा ऑइल बेस पेंट मार्कर, फिक्या प्लास्टिकवर काळा परमनंट मार्कर. पेंट मार्कर हलवून आधी कागदावर चालवून पाहा, नाहीतर पहिल्याच रेषेला रंगाचा गोळा पडतो. कच्च्या लाकडावर मार्करची शाई रेषांमधून पसरते, तिथे बॉलपेन बरं. सही झाल्यावर चोवीस तास हात लावू नका. वरून पारदर्शक लॅकरचा स्प्रे मारायचा मोह होतो, तो टाळा. स्प्रेमधलं सॉल्व्हंट मार्करची शाई विरघळवतं आणि सही डोळ्यांदेखत ओघळते.

सही होत असताना फोटो काढा, यो-यो आणि चेहरा एकाच चौकटीत हवेत. स्पर्धेचा पास आणि यो-योची पावती जपा. विकायची वेळ आलीच तर या कागदांमुळेच खरेदीदार विश्वास ठेवेल.

प्रश्न : ऑनलाइन ‘सिग्नेचर एडिशन’ यो-यो दिसतो, सोबत सर्टिफिकेटही देतात. ही खरी सही का? (शाहूपुरी)

उत्तर : नाही. त्या खेळाडूच्या पसंतीने बनवलेलं ते मॉडेल असतं आणि सही लेझरने कोरलेली किंवा छापलेली असते, हजारो नगांवर तीच. खेळायला उत्तम असेल, पण सहीचे वेगळे पैसे देऊ नका.

हाताने केलेली आहे असा दावा असेल तर दहापट भिंग घ्या. छपाई असेल तर रंगाचे बारीक ठिपके दिसतात. खऱ्या सहीत रेषा एकमेकींना छेदतात तिथे शाई दाट होते, आणि हात उचलताना शेवटचं टोक निमुळतं होतं. यंत्राने पेन धरून केलेल्या सहीत जाडी सगळीकडे सारखी, सुरुवातीला व शेवटी बोथट ठिपका. त्याच माणसाची दुसरी सही मिळवून एकीवर एक ठेवून पाहा. तंतोतंत जुळल्या तर माल सोडून द्या, माणूस दोनदा अगदी तशीच सही करत नाही. विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट म्हणजे त्याचाच शब्द कागदावर. पीएसए, जेएसए, बेकेट अशा तिऱ्हाईत संस्थांच्या तपासणीला वजन आहे, पण फी, विमा आणि परदेशी कुरिअर धरता तीन-चार हजारांच्या वस्तूला ती परवडत नाही.

प्रश्न : आमच्या तालमीच्या जुन्या फुटबॉल संघाच्या सह्या असलेला चेंडू शोकेसमध्ये आहे. सह्या पुसट झाल्यात. पेनाने गिरवू का? (मंगळवार पेठ)

उत्तर : कृपा करून गिरवू नका. गिरवली की ती सही तुमची झाली, खेळाडूची राहिली नाही. मार्करच्या शाईतले रंग उजेडाने उडतात, शोकेसची साधी काच ते थांबवत नाही. चेंडू अंधाऱ्या कपाटात हलवा. तिरका उजेड टाकून प्रत्येक सहीचा फोटो काढा, आणि जे खेळाडू हयात आहेत त्यांना चेंडू दाखवून कोणती सही कोणाची हे वेगळ्या कागदावर लिहून घ्या. हे काम लांबवू नका. या चेंडूला बाहेर फार भाव येणार नाही, पण पेठेच्या फुटबॉलचा तो अस्सल दस्तऐवज आहे.

चेंडूत हवा आकार टिकेल इतकीच, दाबल्यावर थोडा आत जाईल अशी. कडक फुगवला की पृष्ठभाग ताणतो आणि शाईला तडे जातात. चेंडू रबरी कड्यावर ठेवू नका, सुती कापडाची चुंबळ करा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा व जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर पंधरवड्याला बदला. डांबराच्या गोळ्या मात्र नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. हेच यो-योलाही लागू. पीव्हीसीच्या मऊ पिशव्याही टाळा, त्या चिकट होऊन शाई ओढून घेतात.

प्रश्न : खाशाबा जाधवांची सही असलेला फोटो आहे, पण वर ‘अमुक यांस’ असं नाव लिहिलंय. किंमत कमी होते का? (गंगावेश)

उत्तर : एरवी होते, कारण दुसऱ्याच्या नावाची वस्तू घ्यायला लोक कचरतात. इथे तसं समजू नका. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीत कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबांचं १९८४ साली निधन झालं, नव्या सह्या होणार नाहीत. नाव एखाद्या वस्तादाचं किंवा तालमीतल्या माणसाचं असेल तर फोटो कुणाकडून कुणाकडे आला हे त्यावरूनच जोडता येतं. ते नाव खोडू नका, आणि त्या घरातल्या कुणाकडून चार ओळी तारखेसह लिहून घ्या.