आधी जमीन की आधी घराचा नकाशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ३६ फूट रुंदीचा एक तयार नकाशा मनात भरला आहे, जमीन अजून घ्यायची आहे. मग या नकाशाला साजेशी जमीन शोधायची, की जमीन घेऊन नकाशा नव्याने काढायचा?

जमीन आधी घ्या. पण तिच्याही आधी गरजांची यादी करा. खोल्या किती, कोणती केवढी, जिना न चढता राहता यायला हवं असं घरात कोणी आहे का, पुढे वर मजला चढवायचा आहे का, हे सगळं लिहून काढा. खोल्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करून त्यात २५ ते ३० टक्के मिळवा, कारण भिंती, बोळ आणि जिना साधारण तेवढी जागा खातात. खोल्या ९०० चौरस फुटांच्या झाल्या, तर बांधकाम ११५० च्या आसपास जातं. प्लॉट बघायला निघताना हा आकडा जवळ ठेवा.

आता ४० बाय ६० फुटांचा प्लॉट घेऊ. कागदावर तो २४०० चौरस फूट आहे. पुढे १०, मागे ६ आणि दोन्ही बाजूंना ५-५ फूट सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा, सोडायचं असेल, तर बांधायला उरतात ३० बाय ४४, म्हणजे १३२० चौरस फूट. तुमचा ३६ फुटी नकाशा इथेच अडला! तो दाबून बसवायला गेलं की आधी खोल्यांची रुंदी जाते, मग खिडक्या, आणि शेवटी जिना असा काही वळतो की कपाटसुद्धा वर नेता येत नाही. सामासिक अंतरं जागेनुसार बदलतात, म्हणून प्रत्येक प्लॉटसाठी हे गणित नव्याने करा.

उताराकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. नुसत्या डोळ्यांना ८ टक्के उतार जवळपास सपाटच वाटतो. पण ४४ फूट लांबीच्या घराखाली तो साडेतीन फुटांचा फरक पाडतो. वरच्या बाजूला जोतं दीड फूट ठेवलं, तर खालच्या बाजूला ते पाच फूट होतं. आत सरासरी सव्वातीन फूट भराव लागतो, म्हणजे १३२० चौरस फुटांखाली जवळजवळ ४३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). शिवाय धुम्मस केल्यावर, म्हणजे ठोकून दाबल्यावर, भराव बसतो, त्यामुळे माल त्याहून बराच जास्त आणावा लागतो. तो ८-९ इंचांच्या थरांत, पाणी मारून दाबला नाही, तर वर्षा-दोन वर्षांत फरशी खचते. उताराला धरून दोन पातळ्यांवर काढलेल्या घरात हा बराचसा खर्च वाचतो, पण सपाट जमिनीसाठी काढलेल्या नकाशात ती सोय नसते.

मातीसाठी, विकणाऱ्याची परवानगी घेऊन, घर येईल त्या भागाच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत सहा-सहा फूट खोल खड्डे घ्या. विटांचे तुकडे, प्लास्टिक, राडारोडा निघाला तर ती भरावाची जमीन आहे, आणि पाया त्याखालच्या मूळ थरापर्यंत न्यावा लागेल. तळाशी पाणी झिरपत असेल तर तळघराचा विचार सोडा. चिकण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरकस तडे जातात. हलक्या एकमजली घराला हा त्रास जास्त होतो, कारण फुगवटा दाबून धरायला त्याचं वजन पुरत नाही. अशा जमिनीत पाया वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च जमिनीच्या किमतीतच धरायला हवा. काही संशय आला, तर पुढची तपासणी मृदा-अभियंत्याकडून करून घ्या.

सांडपाण्याची वाट खरेदीआधीच मोजा. पाइपला ६० फुटांत एक फूट उतार द्यायचा, तर रस्त्यातल्या चेंबरचा तळ तेवढा खाली हवा. रस्ता उंच आणि प्लॉट खोल असेल तर पंप कायमचा मागे लागतो.

उन्हाचं म्हणाल, तर नकाशा आरशासारखा उलटा करता येतो, सूर्य करता येत नाही. मोठ्या काचा पश्चिमेला आल्या की बैठकीची खोली संध्याकाळपर्यंत तापत राहते.

सगळे पैसे एकदम अडकवू नका. बयाणा देताना, मातीची तपासणी आणि बांधकामाची परवानगी मनासारखी झाली तरच व्यवहार पुरा होईल, अशी अट लेखी घाला. खरेदीआधी आर्किटेक्टला एकदा प्लॉटवर घेऊन जा. त्या भेटीची फी नक्की वसूल होते. खरेदी झाली की आधी उंचीच्या दर अर्ध्या फुटाला समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणारी मोजणी करून घ्या आणि मगच नकाशाला हात लावा.

नकाशा आधी ठरवणं मला एकाच परिस्थितीत पटतं: घर कारखान्यात तयार होऊन येणारं असेल आणि त्याची मापं बदलता येत नसतील. तेव्हा घराच्या मापात सामासिक अंतरं मिळवून प्लॉटची किमान रुंदी काढा आणि भाग घेऊन येणारा ट्रक व क्रेन आत शिरतील का, तेही बघा.

तुमचा आवडता नकाशा मात्र टाकू नका. त्यातलं नेमकं काय भावलं ते लिहा: स्वयंपाकघरातून दिसणारं अंगण, दारातली ओसरी, की एकमेकींपासून दूर असलेल्या झोपायच्या खोल्या. आर्किटेक्टला नकाशासोबत ते टिपण द्या. ३६ फुटांचं घर ३० फुटांत बसणार नाही, पण स्वयंपाकघरातून दिसणारं अंगण बसू शकतं.