आवाज क्लासचा का ॲम्पचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांत ॲम्पच्या, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या, क्लासचेच प्रश्न जास्त आहेत, त्यामुळे टर्नटेबलच्या सुया आणि ब्लूटूथवाले प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : नमस्कार सर, माझ्याकडे जुना ५० वॉटचा क्लास एबी ॲम्प आहे आणि ८६ डीबीचे बुकशेल्फ स्पीकर. ऐकणं म्हणजे जास्त करून केसरबाई, मोगूबाई आणि जुनी नाट्यगीतं, तेही रात्री घरातले झोपल्यावर हळू आवाजात. एका दुकानदारानं सांगितलं की गाण्याला क्लास 'ए'च पाहिजे, एबीत जीव नसतो आणि डी तर नुसता कोरडा. लाखभर घालायची तयारी आहे पण मिसेस म्हणतात आधी कुणाला तरी विचारा. — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मिसेसचं ऐकलंत ते बरं केलंत. आधी क्लास म्हणजे काय ते बघू, कारण दुकानात तो शब्द दर्जा सांगितल्यासारखा वापरतात, ए म्हणजे पहिला नंबर आणि डी म्हणजे नापास, तसं काही नाही. ए, बी, एबीत सिग्नलच्या एका पूर्ण फेऱ्यात आउटपुटचा ट्रान्झिस्टर किती वेळ चालू असतो एवढंच तो सांगतो. ए मध्ये तो पूर्ण वेळ चालू, गाणं लागलेलं असो नसो करंट वाहतोच, म्हणजे गुऱ्हाळावर काहिलीत रस असो नसो चुलवाणाला जाळ चालूच, तसं. बी मध्ये दोन ट्रान्झिस्टर अर्धा अर्धा फेरा वाटून घेतात, आणि एकानं सोडायचं दुसऱ्यानं धरायचं त्या जागी जी लचक भरते तिला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. एबी म्हणजे त्या जागी दोघंही थोडा वेळ एकत्र चालू ठेवायचे, लचक जवळजवळ जाते.

आता दुकानदार सांगतो ते अगदी हवेतलं नाही, त्याला इतिहास आहे. साठच्या दशकात पहिले ट्रान्झिस्टर ॲम्प आले तेव्हा ती लचक खरंच ऐकू यायची, कानाला टोचायची, आणि म्हणूनच १९६९ साली जॉन लिन्सली हूड या इंग्रज इंजिनिअरनं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात जेमतेम १० वॉटचा साधा क्लास ए ॲम्प छापला तर लोकांनी तो घरोघरी बांधला, अजून बांधतात. पण ती तक्रार त्या काळच्या सर्किटची होती. आज नीट बांधलेल्या एबी ॲम्पचं डिस्टॉर्शन ०.०१ टक्क्याच्या आसपास असतं आणि चांगल्या क्लास डी मॉड्यूलचं त्याहून कमी, आणि तुमचा स्पीकर स्वतः खालच्या बेसमध्ये एखादा टक्का सहज घालतो, मग त्या ०.०१ ला कुठं शोधायचं?

आणि दुकानदारानं तुम्हाला न सांगितलेली मजा अशी की तुम्ही रात्री ऐकता तेव्हा तुमचा एबी ॲम्प बऱ्याच वेळा क्लास ए मध्येच चालतो. हिशोब करू. समजा आउटपुटला बायस, म्हणजे गाणं नसतानाही मुद्दाम वाहता ठेवलेला थोडा करंट, १०० मिलीॲम्पियर आहे, मग साधारण २०० मिलीॲम्पियर पीकपर्यंत दोन्ही ट्रान्झिस्टर चालूच राहतात, ८ ओहमवर ते होतात ०.१६ वॉट. हसू नका, ८६ डीबीच्या (म्हणजे एका वॉटला एक मीटरवर ८६ डीबी देणाऱ्या) स्पीकरवर ०.१६ वॉट म्हणजे एक मीटरवर ७८ डीबी, आणि बाजूच्या खोलीत माणसं झोपलेली असताना ७८ डीबीच्या वर तुम्ही कितीसे जाणार, फार तर एखाद्या तानेला. म्हणजे जो क्लास ए विकत घ्यायला निघालाय तो आधीच घरात आहे.

मग क्लास ए चा आवाज वेगळा लागतो म्हणणारे सगळे खोटं बोलतात का, तर नाही, कित्येकदा वेगळा लागतोच, पण कारण वेगळं असतं. क्लास ए म्हणून जे ऐकवलं जातं ते बऱ्याचदा एका ट्यूबचं सिंगल एंडेड ॲम्प असतं, त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे करंटला आतूनच होणारा अडथळा, दोन ओहमसुद्धा निघतो. स्पीकर ८ ओहमचा असं पाठीवर लिहिलेलं असलं तरी तो कुठं ४ ओहम असतो कुठं २०. दोन ओहम आड आले की ४ ओहमच्या जागी आवाज साडेतीन डीबी पडतो आणि २० ओहमच्या जागी एक डीबीसुद्धा पडत नाही, म्हणजे स्पीकरच्या आवाजात पावणेतीन डीबीचा चढउतार फुकटात झाला. एवढा फरक कुणालाही कळतो, त्याला कोण ऊब म्हणतं कोण जीव म्हणतं, मी टोन कंट्रोल म्हणतो. वर अशा ट्यूब ॲम्पमध्ये दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा सूर) भरपूर असतो, तो कानाला गोड लागतो, आवडला तर जरूर घ्या, आवडीला माझी काहीच हरकत नाही. फक्त ती गोडी क्लासच्या नावावर लावू नका, कारण १९८५ साली अमेरिकेत बॉब कार्व्हरनं 'स्टिरिओफाइल' मासिकाच्या संपादकांशी पैजच लावली होती, त्यांनी दिलेल्या महागड्या ट्यूब ॲम्पसारखाच आवाज आपल्या स्वस्तातल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमधून काढून दाखवतो म्हणाला आणि दोन दिवस हॉटेलच्या खोलीत बसून दोघांच्या आउटपुटमधला फरक मोजत मोजत तो इतका कमी केला की संपादकांना कुठला कुठला ते सांगता येईना.

त्याच्याही आधी, १९७८ साली इंग्लंडात क्वाड कंपनीनं स्वतःचेच तीन ॲम्प जाणकारांपुढं ठेवले होते. एक ट्यूबचा क्वाड टू, तो क्लास ए. दुसरा ट्रान्झिस्टरचा ३०३. तिसरा ४०५, ज्यात छोटा क्लास ए ॲम्प सूक्ष्म काम बघतो आणि मोठे ट्रान्झिस्टर बायसशिवाय नुसती हमाली करतात. तीन वेगळ्या जातीचे ॲम्प, पण आवाजाची पातळी सारखी करून न बघता ऐकवल्यावर ओळखण्यात कुणाला खात्रीनं यश आलं नाही. आता हे सगळं ॲम्प त्यांच्या ताकदीच्या आत वापरले तर, हे विसरू नका. २० वॉटचा ॲम्प तुम्ही मोठ्या हॉलमध्ये पिळायला गेलात तर तो क्लिप होणार, म्हणजे लाटेचे शेंडे कापले जाणार, आणि ते ऐकू येणार, मग तो ए असो की झेड.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर दुकानदाराला म्हणा दोन्ही ॲम्प एकाच स्पीकरवर लाव, पातळी मी जुळवणार. २०० हर्ट्झचा सूर लावायचा (साधे मल्टीमीटर फार वरच्या सुरांना चुकीचं दाखवतात म्हणून २००), स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजायचे, एकावर २.०० आले तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२ च्या आत आणायचे. मग दुसऱ्या कुणालातरी बदलाबदली करायला लावायची आणि तुम्ही पाठ करून बसायचं. पातळी जुळवल्याशिवाय ऐकाल तर जो अर्धा डीबी मोठा वाजतोय तोच 'मोकळा' आणि 'जिवंत' वाटतो, आणि हे दुकानदाराला तुमच्या आमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पैसे घालायचेच असतील तर स्पीकरमध्ये घाला आणि खोलीत. तुमची खोली १२ फुटी असेल तर त्या लांबीमुळं ४७ हर्ट्झच्या आसपास बेस कोपऱ्यात घुमणार आणि मधोमध बसलात तर गायब होणार, दहा दहा डीबीचा फरक, आणि त्यावर स्पीकर भिंतीपासून फूट दीड फूट पुढं ओढणं हा उपाय बिनपैशाचा आहे. केसरबाईंच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डींत तर सात आठ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नाहीच, तिथं क्लास डीचा कोरडेपणा येणार कुठून? केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेब यांच्या गावात, कोल्हापुरात, राहून या रेकॉर्डी रात्री ऐकणारा माणूस आहे हेच मला लाखाचं वाटतं, पण ते असो.

हां, एक फरक मात्र शंभर टक्के खरा आहे, बिलाचा. २५ + २५ वॉटचा क्लास ए ॲम्प गाणं वाजो न वाजो २०० वॉट तरी खातो, रोज चार तास धरले तर महिन्याला २४ युनिट. एप्रिल मे मध्ये त्या खोलीत पंखा पण वाढवावा लागेल ते वेगळंच.

प्रश्न : वडिलांच्या वेळचा ट्रान्झिस्टर ॲम्प आहे. आवाज मोठा केला की झकास, पण हळू केला की तानपुरा फाटल्यासारखा किरकिरतो. मेकॅनिक म्हणतो जुना क्लास बी आहे, असाच वाजणार. — शिवाजी पेठ

उत्तर : असाच वाजणार असता तर वडिलांनी घेतला असता का? वर ज्या लचकेबद्दल लिहिलं ती हीच, आणि इथं ती खरंच ऐकू येतेय. लचक ठरावीक मापाची असते, त्यामुळं मोठ्या आवाजात ती लपते आणि हळू आवाजात तीच वर येते, म्हणून 'मोठ्यानं झकास हळू खराब' ही तक्रार ऐकली की आधी बायस बघायचा. ट्रान्झिस्टर चालू व्हायला बेसला साधारण ०.६ व्होल्ट लागतात, ते देणाऱ्या सर्किटमध्ये एक छोटा प्रिसेट (स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा रेझिस्टर) असतो आणि इतकी वर्षं पावसाळ्याची दमट हवा खाऊन तो गेलेला असतो. मेकॅनिकला सांगा ॲम्प अर्धा तास तापू दे, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोज. समजा ०.२२ ओहमचा रेझिस्टर आहे आणि सर्व्हिस मॅन्युअल १०० मिलीॲम्पियर सांगतंय तर २२ मिलिव्होल्ट दिसायला पाहिजेत, तुमच्याकडं बहुतेक शून्य किंवा एखादा दिसेल.

पण चालू ॲम्पमध्ये तो जुना प्रिसेट फिरवायचा नाही. काही सर्किटमध्ये त्याचा मधला संपर्क सुटला की बायस एकदम वर जातो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर डोळ्यादेखत जळतात. नवा प्रिसेट बसवायचा, बायस कमीत कमी राहील असा लावायचा, पहिल्यांदा सिरीज बोर्डाच्या बल्बमधून सप्लाय द्यायचा, बल्ब भगभगीत पेटून राहिला नाही तर मगच सरळ लाइनला लावून हळूहळू वाढवायचा. आणि तुम्ही स्वतः उघडणार असाल तर सप्लायचे मोठे कपॅसिटर वायर काढल्यावरही चार्ज धरून असतात, तिथं बोट नको.

प्रश्न : क्लास डी म्हणजे डिजिटलच ना? ऑनलाइन टीपीए३११६ या चिपचा बोर्ड घेतला, २ गुणिले ५० वॉट लिहिलंय, १२ व्होल्टच्या ॲडाप्टरवर लावलाय, आवाजात दमच नाही. — इचलकरंजी

उत्तर : डिजिटल नाही हो. ए, बी, सी झालेले होते म्हणून पुढचं अक्षर डी, बास. इंग्लंडात सिंक्लेअरनं क्लास डीचं किट १९६४ सालीच विकायला काढलं होतं, तेव्हा सीडीचा पत्ता नव्हता. यात ट्रान्झिस्टर स्विचसारखा सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो, किती वेळ उघडा किती वेळ बंद यातून गाणं तयार होतं, आणि शेवटी कॉइल आणि कपॅसिटर ती फडफड गाळून काढतात.

दम नसायचं कारण क्लासमध्ये नाही, ॲडाप्टरमध्ये आहे. अशा बोर्डाची जास्तीत जास्त ताकद म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. १२ व्होल्ट आणि ८ ओहम घाला, १४४ भागिले १६, नऊ वॉट आले, तेही कागदावर. २४ व्होल्टचा चांगला सप्लाय लावा, ३६ होतील. ते ५० वॉट चिपच्या कंपनीनं २१ व्होल्टवर ४ ओहमला सांगितलेत, खोटं नाही, फक्त विकणारा खालची ओळ छापत नाही.

क्लासवरून खराखुरा ऐकू येणारा फरक कुठं असेल तर तो अशा स्वस्त बोर्डांत असतो. फीडबॅक (आउटपुट मागं आणून चूक सुधारणं) त्या गाळणाऱ्या फिल्टरच्या आधीच घेतलेला असतो, त्यामुळं वरचा ट्रेबल तुमच्या स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणं वर खाली होतो, एका स्पीकरवर चरचरीत तर दुसऱ्यावर मऊ. हायपेक्स, प्युरिफाय वगैरे कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये फीडबॅक फिल्टरनंतर घेतात म्हणून ती भानगड राहत नाही. 'डी कोरडा' ही बोंब बहुतेक अशा पहिल्या प्रकारच्या बोर्डांवरूनच उठलीय असं माझं मत.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या डॉल्बीला क्लास एच चांगला का डी? जुने लोक म्हणतात एचचा बेस पोटात लागतो. — मंगळवार पेठ

उत्तर : भावा, पोटात लागतो तो बेस बॉक्सचा आणि वॉटचा. क्लास एच मध्ये सप्लायचे व्होल्ट गाण्याप्रमाणं वर खाली होतात म्हणून एबीपेक्षा कमी तापतो, पण मोठ्या ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर उचलायला दोन माणसं लागतात. डी हलका आणि जनरेटरवर भार कमी. लोक तुलना करतात ती दहा वर्षं जुन्या खऱ्या ताकदीच्या एचची आणि पाटीवर दुप्पट वॉट लिहिलेल्या स्वस्त डीची, मग एचच जिंकणार. भाड्यानं घेताना पाटी वाचू नका, ४ ओहमवर सतत किती वॉट देतो तो आकडा मागा. बाकी रहिवासी भागात दिवसा ५५ डीबी आणि रात्री ४५ ही कायद्याची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर एरवी बंदच, आणि ते मोजताना पोलिसांचं मीटर तुमच्या ॲम्पचा क्लास विचारत नाही.